कोंबडीच्या स्कीवर दोन की सात

बुर्गल गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने मला दोन बोटं दाखवली.

तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, त्यामुळे बोलता येत नव्हतं. शेजारी पाद्री उभे होते. त्यांना वाटलं, ती आशीर्वाद देते आहे. नर्सला वाटलं, हिला दोन उशा हव्यात. तिने दुसरी उशी आणलीसुद्धा. मला मात्र बरोबर कळलं होतं. मी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन अशी सात बोटं दाखवली. बुर्गलने मान हलवली आणि पुन्हा दोन दाखवली. मी पुन्हा सात. असं चार-पाच वेळा झाल्यावर नर्सने मला बाहेर काढलं. पेशंटला दमवू नका म्हणाली.

एकतीस वर्षांच्या संसारातलं आमचं ते शेवटचं बोलणं.

भांडण सेंटीमीटरचं होतं. हिंटरलानला आमचं स्की बनवायचं वर्कशॉप आहे. वर्षाला चाळीसेक जोड्या, जास्त नाही. लाकूड, गोंद, कडा हे माझं काम. आकार ठरवणं आणि वरचं चित्र काढणं बुर्गलचं. ती प्रत्येक स्कीवर कोंबडी काढायची. पुढच्या टोकाकडे चोच, मागे शेपूट. गरुड का नाही, असं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं. ती म्हणाली, गरुड सगळेच काढतात, आणि गरुडाला पडताना कुणी पाहिलंय का? कोंबडी पडते आणि उठून चालू लागते.

गेल्या वसंतात तिच्या डोक्यात आलं की पार्क आणि पावडर, दोन्हीला चालेल अशी एकच स्की करायची. पार्कात पोरं उड्या मारतात, लोखंडी कठड्यांवरून घसरतात, निम्मा वेळ पाठमोरी जातात. तिथे पाय स्कीच्या मध्याजवळ लागतात आणि दोन्ही टोकं वर वळलेली लागतात. पावडर म्हणजे नुकता पडलेला खोल, भुसभुशीत बर्फ. तिथे पाय मागे हवेत, म्हणजे पुढचं टोक तरंगतं, नाहीतर माणूस डोक्यावर जातो. मग दोन्हीला चालणाऱ्या स्कीवर बूट अडकवायचं बाइंडिंग नक्की कुठे बसवायचं? बुर्गल म्हणाली, मध्यापासून दोन सेंटीमीटर मागे. मी म्हणालो, सात.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही यावर भांडलो. जेवताना, गाडीत, तिच्या तपासण्यांच्या रांगेत. शेवटचे अकरा आठवडे हॉस्पिटलमध्येही. डॉक्टर काय म्हणाले यावर आम्ही फारसं बोललो नाही. दोन आणि सातवर मात्र पुष्कळ बोललो.

आता मार्च आला होता, आणि मार्चमध्ये आमच्या डोंगरावर एका मासिकाची चाचणी असते. पुढच्या मोसमात येणाऱ्या नव्या स्की परीक्षक चालवून बघतात आणि दहापैकी गुण देतात. कुठली स्की कुणाची हे कळू नये म्हणून सगळ्यांना काळी फिल्म गुंडाळतात आणि वर नंबर चिकटवतात. गुंडाळायचं काम तेवीस वर्षं आमच्या वर्कशॉपकडे आहे. छोट्या कारखानदाराला आपल्याही दोन जोड्या ठेवता येतात. मी दोन्ही कोंबडीच्या ठेवल्या, अगदी एकसारख्या. एकीवर बाइंडिंग दोन मागे, नंबर नऊ. दुसरीवर सात मागे, नंबर चौदा.

मला हे भांडण जिंकायचं होतं. आणि ते संपायलाही नको होतं. कारण ते संपलं की माझ्याकडे तिच्याशी बोलायला काही उरत नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आफ्राने ओळखलं. आफ्रा ही बुर्गलची थोरली बहीण. डोंगराच्या मध्यावर तिचं उपाहारगृह आहे आणि चाचणीचा सगळा मुक्काम तिथेच पडतो. बुधवारी सकाळी मी जोड्या घेऊन वर पोचलो, तर ती दारातच उभी.

"दोन जोड्या आणल्यास ना? एक तिची, एक तुझी?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय. ऐक कासियान, तिची जिंकली तर तू या बाकावर उभं राहायचंस आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचंस, बुर्गल बरोबर होती. एकतीस वर्षांत एकदाही म्हणाला नाहीस."

"म्हणालो असेन."

"कधी?"

मी आठवून बघितलं. "तू तरी कधी म्हणालीस? तुमच्या घरात कुणी कुणाला बरोबर म्हणतं का?"

"विषय बदलू नकोस."

विषय तोच होता. बुर्गल आणि आफ्रा या दोघींना एक खोड होती. समोरचा हो म्हणाला की यांचं मत लगेच बदलायचं. बुर्गलला म्हणावं, बरं, लाल पडदे घेऊ, की ती लगेच म्हणायची, थांब, हिरवे का नकोत? म्हणून तर मी कधी हो म्हणत नसे. त्यात वेळ वाचायचा.

चाचणीचे संपादक एवाल्ड व्हिएन्नाचे. माणूस नियमाचा. आमच्याकडे हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, आणि एवाल्डने हा नियम इतका मनावर घेतलाय की केबलकार हजाराची पाटी ओलांडते त्या क्षणी तो बदलतो. त्या दिवशी आम्ही एकत्रच वर आलो होतो. खाली तो म्हणाला, "कासियानसाहेब, तुमच्या पत्नीबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही स्वतःला सांभाळा." मग पाटी गेली. "आणि हो रे, काळी फिल्म नीट ताणून बसवलीस ना? मागच्या वर्षी तीन जोड्यांची सुटली होती."

"मागच्या वर्षीही आम्हीच बसवली होती."

"तेच म्हणतोय, लेका."

फिल्म मी नीट बसवली होती. सोमवारी सकाळी वर्कशॉपमध्ये एकटाच होतो. आमच्याकडची पद्धत अशी की आधी फिल्म गुंडाळायची आणि मग तिच्यावरूनच बाइंडिंग ठोकायचं, म्हणजे फिल्म दाबून राहते. दरवर्षी बुर्गल पुढच्या खोलीत गुंडाळायची आणि जोडी माझ्याकडे द्यायची. मी ड्रिल मारायचो. आमच्या जोड्यांच्या एका टोकाला ती लाल लोकरीचा तुकडा बांधायची. मला वाटायचं, हौस. एकदा विचारलं तर म्हणाली होती, कोंबडीला थंडी वाजते. मी दरवर्षी काम झालं की तो सोडून टाकायचो.

या सोमवारी गुंडाळणंही माझ्याकडेच होतं. लोकर काही मला सापडली नाही. शोधलीही नाही. दोन्ही कामं एका माणसाने करताना थोडी घाई होते. त्यात पोस्टमन आला. दाताच्या दवाखान्याचं कार्ड होतं, बुर्गलच्या नावाने. वर्ष झालं, तपासणीला या. मी फोन करून सांगितलं की ती येऊ शकणार नाही. तिकडची मुलगी म्हणाली, "हरकत नाही, मग पुढच्या गुरुवारी चालेल का?" मी म्हणालो, गुरुवारीही जमणार नाही. ती म्हणाली, "शुक्रवारी?" शेवटी पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मीच जाऊन आलो. एक दात भरून घेतला.

तर फोन ठेवला आणि नंबर चौदावर, गुंडाळण्याआधी कडेला करून ठेवलेल्या सातच्या खुणेवर, बाइंडिंग ठोकलं.

चाचणीत दोनच परीक्षक होते. पार्कासाठी रोमेड. वय सव्वीस, पॅन्ट कायम घसरलेली, पुढे जाण्यापेक्षा मागे जाणं जास्त पसंत. पावडरसाठी मेना. ती गाइड आहे, चाळिशीची, आणि बोलते कमी. परीक्षकाने स्की उलटसुलट करून न्याहाळायची नाही, असा एवाल्डचा नियम आहे. मी बर्फात जोडी मांडून ठेवायची, त्यांनी बूट अडकवायचे आणि निघायचं. एका उतरणीनंतर तक्ता भरायचा. त्यांनी न्याहाळलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

बुधवारी दुसऱ्यांच्या जोड्यांवरच दिवस गेला. गुरुवारी पहाटे चाळीस सेंटीमीटर बर्फ पडला. मेनाने नऊ नंबर घेतला आणि गेली. उपाहारगृहाच्या दारासमोरच्या गच्चीवरून आम्ही बघत होतो. छान वळणं घेत उतरली. लिफ्टने परत आली आणि तक्त्यावर लिहिलं, साडेआठ.

"शेरा?" एवाल्डने विचारलं.

"बरी आहे."

मेनाने बरी म्हटलेल्या स्की कारखाने जाहिरातीत छापतात. आफ्राने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी बर्फाकडे बघितलं.

मग चौदा नंबर. मेना निघाली. पहिलं वळण झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला ती नाहीशी झाली. म्हणजे होती तिथेच, पण वर फक्त बूट दिसत होते. उठली, झटकलं, पुन्हा निघाली. पुन्हा बूट. मेनाला मी पंधरा वर्षं ओळखतो, तिला पडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या एका उतरणीत ती पाच वेळा डोक्यावर गेली. शेवटी स्की खांद्यावर टाकून चालत आली. केसांत, कानांत, कॉलरमध्ये सगळीकडे बर्फ.

"शेरा?" एवाल्डने विचारलं.

मेनाने आधी नाकातला बर्फ काढला. "ही कुणी बनवलीय?"

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

"बनवणाऱ्याला पोहता येतं का विचारा," मेना म्हणाली आणि दोन गुण दिले.

आफ्रा माझ्यापुढे सूपाचा वाडगा ठेवून गेली. पावाचे दोन गोळे होते त्यात. इतर सगळ्यांना तीन दिले होते. तिने दोनच का दिले, ते मला कळलं.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन तेच तेच हिशोब केले. सात मागे असताना टोक बुडतं कसं? सात मागे असलं तर टोक वर यायला हवं. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण मेना बुडाली होती, आणि मेना खोटं बुडत नाही. म्हणजे चूक माझीच. मग मला वाटलं, ठीक आहे, आता उद्या बाकावर उभं राहायचं, बोलायचं आणि संपलं. दात घासताना आरशात म्हणून बघितलं. बुर्गल बरोबर होती. तोंडात फेस होता, नीट ऐकू आलं नाही.

शुक्रवारी बारा वाजता तक्ते बंद होतात. उपाहारगृहात सगळे जमले होते. लिफ्टवाले, पार्काची डागडुजी करणारे, शाळेच्या सहलीतले दोन मास्तर. रोमेड अजून यायचा होता. तो शेवटची जोडी घेऊन पार्कात गेला होता, आणि ती चौदाच होती. एवाल्डने घड्याळ बघितलं, खोकला आणि आकडे वाचायला सुरुवात केली. नऊ नंबर सगळ्यांत वर. चौदा नंबर सगळ्यांत खाली.

"बारा वर्षांतला नीचांक," एवाल्ड म्हणाला. त्याला कौतुक वाटत होतं असं दिसलं.

आफ्राने बाक भिंतीपासून पुढे ओढला. "चल."

"जेवण झाल्यावर."

"आत्ता."

मी बाकावर चढलो. बाक डुगडुगत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. लिफ्टवाल्यांना वाटलं, मी गाणार. एकजण टेबल वाजवायला लागला. मी घसा साफ केला. माझ्या लक्षात आलं की मला बोलता येत नाहीये. दोन शब्द होते फक्त, आणि एक नाव. ते बोललो की झालं, आणि मग घरी जायचं, आणि घरी भांडायला कुणी नाही.

"बुर्गल," मी म्हणालो.

तेवढ्यात बाहेर मोठा आवाज झाला. दाराशेजारची राखेची बादली उडाली, दार उघडलं आणि रोमेड पाठमोरा आत आला. पायात स्की तशाच. तो पाठमोरा खाली आला होता, पाठमोराच थांबणार होता, पण गच्चीवर बर्फाची काच झाली होती. आतल्या लाकडी फरशीवरून घसरत तो थेट माझ्या बाकावर आदळला. मी त्याच्यावर पडलो.

"कासियान!" तो खालून ओरडला. "अरे, ही स्की! बाप रे, ही स्की!"

"माहीत आहे. बाद आहे. उठ माझ्यावरून."

"तूच वर आहेस. बाद कसली? जन्मात अशी स्की मिळाली नाही मला! पुढे जाताना म्हैस आहे म्हैस. पण उलटी? उलटी गेली की लोणी! वरपासून इथवर उलटाच आलो मी. आता उलटाच राहणार आहे आयुष्यभर."

"तुझ्या आईला कळव," मेना कोपऱ्यातून म्हणाली. मग तिने हातातला चमचा खाली ठेवला. उठून आली, खाली बसली आणि रोमेडच्या पायातल्या स्कीकडे बघत राहिली. दोन्ही टोकांवरून हात फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"एवाल्ड, तक्ते बंद झाले?"

"बारा वाजून चार मिनिटं. बंद."

"मग आता बघायला हरकत नाही." तिने कमरेचा चाकू काढला आणि फिल्म टोकापासून टोकापर्यंत कापली.

आतून कोंबडी निघाली. तिची चोच रोमेडच्या टाचेमागे होती आणि शेपूट बोटांपुढे. माणूस एकीकडे निघाला होता आणि कोंबडी भलतीकडे.

मेनाने चाकू मिटला. मग मेना म्हणाली, "बाइंडिंग उलटं बसवलंय. पाय मागे यायचे ते पुढे आलेत."

आणि ती हसायला लागली. मेनाला हसताना पण मी कधी पाहिलं नव्हतं. मग सगळेच. लिफ्टवाल्यांनी पुन्हा टेबल वाजवलं. एका मास्तरांच्या नाकातून बिअर आली. "चाळीस वर्षं स्की बनवतोय हा!" कुणीतरी ओरडलं. "कासियान, पॅन्ट तरी सुलटी आहे ना रे?" मी खाली बसूनच होतो. काळ्या फिल्ममध्ये दोन्ही टोकं सारखी दिसतात. बुर्गलने आकारच तसा केला होता, रुंदीत जेमतेम पाच मिलिमीटरचा फरक. पुढचं टोक कुठलं, हे मला कळणार तरी कसं?

आणि तेव्हा मला लोकर आठवली.

"पुढच्या टोकाला बांधायची ती," मी म्हणालो. "लाल लोकर. माझ्यासाठी. तेवीस वर्षं."

"मग तुला काय वाटलं होतं?" आफ्रा म्हणाली.

"कोंबडीला थंडी वाजते."

यावर मात्र आफ्रा हसली नाही. तिने मला हात देऊन उठवलं, अंगावरची राख झटकली आणि विचारलं, "मग आता? कोण बरोबर?"

"काहीच ठरलं नाही," मी म्हणालो, आणि मला एकदम भूक लागली. "माझी जोडी उलटी होती. चाचणी धरता येणार नाही."

"तक्ते बंद आहेत," एवाल्ड म्हणाला. "पुन्हा चाचणी नाही. चुकीचं बसवणं ही बनवणाऱ्याची जबाबदारी. लेका, वाईट वाटतं मला, पण नियम आहे."

"मासिकात नको. आम्हाला बघायचंय फक्त," आफ्रा म्हणाली. "याने स्वतः चालवून बघावं. आत्ता. सगळ्यांसमोर."

"मी चौसष्ट वर्षांचा आहे."

"बुर्गल एकसष्टाव्या वर्षी पार्कात गेली होती."

"आणि मनगट मोडून आली होती."

"आली होती ना!"

टाळायला मी म्हणालो की दोन्ही स्की सोडवून सुलट्या करायला तास लागेल. रोमेड अजून फरशीवरच होता. तो म्हणाला, "दोन कशाला? एका पायात बुर्गलची घाल, एका पायात तुझी. लगेच कळेल कुठला पाय सुखात आहे."

"असाच माझ्या चुलत्याचा गुडघा गेला," मेना म्हणाली. "पण कळेल, हे खरं."

माझं ड्रिल बाहेर चाचणीच्या तंबूतच होतं. एक स्की सोडवून, फिरवून, चोचीकडून मोजून सात मागे बाइंडिंग ठोकायला वीस मिनिटं लागली. मेनाने मोजपट्टी धरली आणि तीनदा विचारलं, "कोंबडीचं तोंड कुठे?" मी तीनदा दाखवलं. डाव्या पायात बुर्गलची, उजव्या पायात माझी. आफ्राने कुठूनतरी लाल रुमाल आणला, फाडला आणि दोन्ही चोचींना एकेक चिंधी बांधली. "आता तरी चुकू नकोस."

सगळे सूप घेऊन गच्चीवर आले.

खाली आधी पावडरचं कुरण आहे. त्याखाली पार्क सुरू होतं. कठडे, मग एक मोठा उडीचा ढीग, आणि त्याच्यापुढे नवशिक्यांनी पडायची हवेची मोठी पिवळी गादी. माझा बेत असा होता की कुरणात चार वळणं घ्यायची आणि पार्काच्या अलीकडे थांबायचं.

पहिल्या वळणाला उजव्या पायाचं टोक सुरेख वर आलं. तरंगलं. मी म्हणालो, बघ! मोठ्याने म्हणालो, गच्चीवर ऐकू गेलं असं नंतर कळलं. पण वळायला म्हणून वजन टाकलं तर डावा पाय वळला आणि उजवा आपला सरळ निघाला, एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्यासारखा. त्याला ओढून आणावं लागलं. दुसऱ्या वळणालाही तसंच. डावी स्की मी मनात आणायच्या आत वळत होती. उजवीला अर्ज करावा लागत होता. तिसऱ्या वळणाला डावी वळली, उजवी वळलीच नाही, मी मधोमध फाकलो, पूर्ण एक गोल फिरलो आणि पाठमोरा झालो.

त्या क्षणी मला उत्तर कळलं. कारण पाठमोरा जाताना डावा पाय मजेत होता. त्या स्कीला पुढे काय नि मागे काय. उजवा पाय थरथरत होता. दोन. अर्थातच दोन. ऑक्टोबरात बुर्गल हाच तर हट्ट धरून होती.

उत्तर कळलं तरी थांबता येईना. कुरण संपलं. पार्काचा फलक माझ्या बाजूने गेला. कठड्याला चुकवलं, म्हणजे कठड्यानेच मला चुकवलं. मग पायाखाली ढीग चढायला लागला आणि मला वर फक्त आकाश दिसलं. मी चौसष्ट वर्षांचा माणूस, एका पायात बायकोची स्की, एका पायात माझी, पाठमोरा, हवेत. वेळ पुष्कळ होता. गच्चीवरची सगळी मंडळी दिसली. एवाल्डने टोपी काढून छातीशी धरली होती.

गादीत मी उलटा रुतलो. फुस्स असा आवाज झाला. स्की कुठल्या कुठे. डोकं आत, पाय आत, फक्त उजवा हात बाहेर होता. हाडं मोजली, सगळी होती. वरून आफ्राचा आवाज आला. "कासियान! जिवंत आहेस का?" आणि मग थोड्या वेळाने, "आणि किती?"

गादीत तोंड दाबलेलं, ओरडून उपयोग नव्हता. मी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

गच्चीवर टाळ्या पडल्या. लिफ्टवाल्यांना वाटलं, मी विजयाची खूण केली. कळायचं ते एकाच बाईला कळलं. मी हात तसाच वर ठेवला. गादीच्या आत पिवळा उजेड होता आणि रबराचा वास येत होता. मला वाटलं, आता रडू येईल. तिथे कुणी बघत नव्हतं, जागा चांगली होती. दोन बोटं वर आणि डोकं खाली असा मी वाट बघत राहिलो.

थोडं आलंही. मग रोमेडने हात धरून मला बाहेर ओढलं.

डोळे पुसून मी वर गच्चीकडे बघितलं. आफ्रा कठड्याला टेकून उभी होती. तिने उजवा हात उंच केला होता.

तीन बोटं.

"काय?" मी ओरडलो.

"मी म्हणते," आफ्रा वरून ओरडली, "पावडरमध्ये तुझा उजवा पाय बरा तरंगत होता! दोन जरा कमीच पडतात! तीन कर, तीन!"

"तूच तीन दिवस दोन-दोन करत होतीस!"

"तेव्हा तू सात म्हणत होतास!"

"बुर्गलने दोन सांगितले होते! शेवटपर्यंत दोन!"

"बुर्गलला तू हो म्हणाला असतास, तर तीही तीनच म्हणाली असती! मला सांगतोस माझी बहीण?"

ते खरं होतं. अगदी असंच म्हणाली असती. थांब जरा कासियान, तीन का नकोत? मला तिचा आवाजसुद्धा ऐकू आला. मी खाली वाकून बर्फातून तिची स्की उचलली. चोचीची लाल चिंधी तशीच होती. मग उजवा हात पुन्हा वर केला आणि आफ्राला दोन बोटं दाखवली. तिने तीन दाखवली. मी दोन. रोमेड मधे उभा राहून एकदा वर, एकदा खाली बघत होता.

"सूप गार होतंय!" आफ्रा ओरडली. "वर ये आणि समोर येऊन बोल!"

मी वर गेलो. बाकावर चढून जे म्हणायचं होतं ते म्हणालो, सगळ्यांसमोर, मोठ्याने, नावासकट. आफ्रा म्हणाली, तीन. सूपात या वेळी पावाचे तीन गोळे होते. एक मी काढून तिच्या वाडग्यात टाकला.

चार वाजता एवाल्डबरोबर केबलकारमधून खाली उतरलो. "लेका, पुढच्या वर्षी आण दोन जोड्या," तो म्हणाला. "एक दोनची, एक तीनची. नीट सुलट्या बसवून." मग हजाराची पाटी गेली. तो जरा सरसावून बसला. "कासियानसाहेब, एक विचारू का? तुमच्याकडे लाल लोकर नसेल, तर माझी बायको विणते. पाठवून देऊ का तुम्हाला?"

मी म्हणालो, पाठवा. थोडी जास्तच पाठवा.